शेरा

लाल पेनानं लिहिला होता मी,
वहीच्या मागच्या पानावर, डबा खाता खाता:
‘लक्ष देत नाही. घरी अभ्यास घ्यावा.’
खाली सही, आणि सहीखाली
सवयीनं ओढलेल्या दोन रेघा.

तिसऱ्या दिवशी कौतिकाबाई आल्या,
डोक्यावर बांगड्यांचा हारा, चुंबळ सावरत.
“बलावलं म्हने सर. पोट्ट्यानं वाचून दाखोलं.”
मी बोलावलं नव्हतं.
ऋषभ दाराच्या चौकटीत उभा,
पायाच्या अंगठ्यानं फरशीची फट उकरत.
माझं अक्षर त्याला लागलं नव्हतं.
घरी त्यानं जे वाचलं, ते असं:
सर म्हनते, मायले घेऊन ये.

“तुमच्या तोंडून आयकतो एकडाव.”
मग माझंच लिहिलेलं मी मोठ्यानं वाचलं.
सहा शब्द. मध्ये दोनदा खाकरलो.

“अभ्यास म्या कसा घ्यावं? मले तं सहीबी येत नाई.
पन लक्ष नाई म्हनता, थे काई खरं नाई.
बेस्तवारी बजारात या. पाहा.”

शेव-चिवड्याच्या दुकानापलीकडं त्यांचं पाल.
ऋषभ पोत्यावर मांडी घालून,
समोर सगळ्या मापांचा मिसळलेला ढीग.
नजर पाळण्यावर, बोटं बांगड्यांत:
दोन-चार, दोन-सहा, अडीच,
पुन्हा दोन-चार.
एकही चुकली नाही. मी मोजत होतो.
आणि वर्गात हाच पोरगा
भ आणि म पुढं
वासरू नदीपुढं थांबावं तसा थांबतो.

मी तसं सांगितलं. त्यांनी गिऱ्हाइकाचा हात दाबता दाबता ऐकलं.
“मंग बोटाले दाखवा न सर.
डोयाले नोका दाखवू.”

तिथून सुरू झालं.
फुटक्या बांगड्यांचे तुकडे,
पाट्यावर घासून धार मोडलेले.
मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर खडूनं अक्षर काढून द्यायचं,
त्यांनी रात्री वरून काच चिकटवायची.
पहिल्या खेपेला म डोक्यावर उभा होऊन आला.
“मायबी तसलीच,” म्हणाल्या, आणि हसल्या.
मला हसू आलं नाही.

तालुक्याहून चंद्रपुरे मॅडम यायच्या,
महिन्यातून एकदा, एसटी लागली तर.
त्यांनी फॉर्म काढला. एका चौकटीत खूण करायची होती.
कौतिकाबाई शाई लागलेला अंगठा हवेत धरून बसल्या.
“यानं पोराले नाव तं नाई पडत?”

नाव कधीचंच पडलं होतं.
गल्लीत, वर्गात,
आणि खरं सांगायचं तर एकदा माझ्याही तोंडून:
ढ.
बाराखडीतलं हे एकच अक्षर त्याला कधी चुकलं नाही.
तो पुठ्ठा मी काढून दिलाच नाही.
मग एका सकाळी त्यानं आपणच करून आणला,
हिरव्या काचेत, गाठीसकट.
मी नुसता पाहत राहिलो.
“ढेमसं,” तो म्हणाला. “बजारातलं.”

अजून रडतो. पुस्तक बाकाखाली ढकलतो.
कधी कधी आठवडाभर काहीच होत नाही,
आणि कौतिकाबाई सांगतात, घरीबी तसंच हाय,
आणि आम्ही दोघं शाळेच्या ओट्यावर
उगाच बांगड्यांच्या भावाबद्दल बोलतो.
नाव तरी कसलं ठेवलंय त्याचं, ऋषभ!
दवाखान्यातल्या नर्सबाईनं सुचवलेलं,
पहिल्या अक्षरापासूनच अवघड.
पोळ्याच्या सुट्टीआधी त्यानं पाटीवर लिहिलं: रिशब.
लाल पेन खिशातच राहिलं.

त्या दिवशी पेन्सिलीनं, मोठं मोठं,
शब्दाशब्दांत बोटभर जागा सोडून
मी वहीत पुन्हा एक शेरा लिहिला.
त्यानं तो माझ्यासमोरच वाचला,
अक्षरावर बोट ठेवत, घाम पुसत, मागं जात.

मी लिहिलं होतं: आईला घेऊन ये.
त्यानं वाचलं: मायले घेऊन ये.

तेवढी चूक मी राहू दिली.